एकोणीस केस

शिसं वितळवायला मी फोडणीची जुनी पळी वापरतो.
टायरवाल्या नफीसनं दिलेले तुकडे,
चाकांचा तोल सांभाळून झिजलेले,
आधी रुसून बसतात, मग एकदम आरसा होतात.
साच्यात गळ अगोदरच निजवलेला.
निवल्यावर हातात येतं तुरीच्या दाण्याएवढं डोकं,
बिनडोळ्यांचं, घशातून आकडा फुटलेलं.

हे सोपं. पुढे केसांचं काम.

घड्याळाच्या दुकानातलाच शिकंजा, डोळ्याला तेच भिंग,
लाल रेशीम मेणावरून ओढलेलं.
बोकडाचे केस पाण्यात एकमेकांना चिकटतात.
खारीच्या शेपटीचे बरे, पण पुरत नाहीत.
सांबराचा केस आतून पोकळ, बुडायलाच तयार नसतो
(ते मुळ्यांच्या दिवाणखान्यातल्या मुंडक्याचे,
उंदरांनी कुरतडल्यावर पुडीत आले माझ्याकडे).
मुंगसाचा पट्टेरी मी नुसता पाहिलाय.

आणि अस्वलाचा.
अस्वलाचा केस पाण्यात श्वास घेतो.

तो माझ्याकडे चिमूटभर.

दौलतगंजात रमजू कलंदर यायचा चमेलीला घेऊन.
मी तेव्हा रात्री किंचाळत उठायचो, अंथरूण ओलं.
आईनं सव्वा रुपया दिला, परातभर कणीक,
आणि माझा आखूड झालेला स्वेटर.
रमजूनं तिच्या मानेवरून,
दोरीनं टक्कल पडलं होतं त्याच्या जरा वरून,
केस उपटले.
मला वाटलं, आता ही वळून बघणार.
नाही वळली. नाकातली दोरी आखूड होती.

तांब्याच्या ताइतात घालून, लाख लावून, काळ्या गोफात.
घरचे सांगतात, त्या रात्रीपासून पोरगं गाढ झोपलं.
मला आठवतं ते वेगळं:
भीती गेली नव्हती,
तिला फक्त वास आला होता.

चमेलीला पुढे आग्र्याकडे नेलं, सरकारी गाडीतून.
रमजूला बदल्यात शिलाई मशीन.
कंपूत रजया शिवतो आता. दिसला की मीच रस्ता बदलतो.

पुतण्या म्हणतो, काका, रबरी मासे शंभराला तीन मिळतात,
आणि हे असलं घरात ठेवणं गुन्हा आहे.
मी विचारलं, विकत घेतला तर गुन्हा,
पण गळ्यात बांधला असेल तर?
तो फोनमध्ये बराच वेळ शोधत राहिला.

परवा ताईत फोडला. एकोणीस केस निघाले,
दोघांच्या मुळाशी अजून पांढरं काहीतरी.
रेशमाचे सात वेढे, वर नखपॉलिशचा थेंब.
हात थोडा कापला. वय म्हणायचं.

आज तिघऱ्यावर धुकं, छुट्टनची डोंगी,
धरणाची भिंत दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.
टाकला. काठाच्या गवतापाशी हळूहळू बुडाला,
आणि खरंच, खाली एक इवलंसं अस्वल
अंग फुलवून, अंग मिटवून, चालायला लागलं.

मरळ आली. हातभर लांब, काळी,
अगदी नाकाला नाक.
मग वळली. शेपटीचा एक फटका, गढूळ पाणी.
भ्यायली असेल. ताईत आहे शेवटी.

दोरा गुंडाळून गळ हातात घेतला.
ओल्या केसांना तोच वास.
छुट्टन विचारत होता, बाबूजी, नांगर की रस्सी और ढीली करूँ?
मी म्हटलं, कर. सगळी सोड.