पेठ कोणती?

मैदानावर फक्कीच्या रेघा मी मारतो.
सव्वीस वर्षं झाली.
डबा धरून उलटं चालायचं असतं,
पुढं बघत गेलं की रेघ वाकते.

त्या पहाटे उलटा चालत
एका माणसाच्या पायावर गेलो.
मोठाले बूट, एकाच बुटाची दोरी हिरवी.
सॉरी मी म्हणायचं, तर तोच म्हणाला.

मातेई.
शिरोलीच्या फौंड्रीत भट्टी बसवायला आलेला,
दोन महिन्यांसाठी.
भट्टी बसेना, त्याला दीड वर्ष झालं.
गावाकडं गोलकीपर होतो, असं त्यानं हातानंच सांगितलं:
दहा बोटं पसरली,
एक करंगळी वाकडीच राहिली.

उंबरवेस तालमीत फॉर्म भरायला बसवला.
नाव. वय त्रेचाळीस. रक्तगट.
पुढचा रकाना: पेठ कोणती?
सासने काकांनी पेन उचललं.
"नागाळा पार्क ही काय पेठ हाय व्हय?
तिथं ऱ्हात्यात सगळे, तिथला कोणच नसतोय."
मातेईनं मोबाईलवर गाव काढलं,
नदी, दगडी पूल, टेकडीवर चर्च.
काकांनी चष्मा पुसला.
"नदीच्या अल्याडचा का पल्याडचा?"
पल्याडचा, म्हणाला.
"मग हाय की पेठ," काका म्हणाले
आणि रकाना कोराच ठेवला.

तेव्हापासून पहाटे दोरीचं दुसरं टोक तो धरतो.
कट्ट्यावर धारोष्ण दूध पितो, मिशीला फेस तसाच.
पोरं त्याला सर म्हणतात.
सरावात पायातनं बॉल गेला
तरी, "गुड ट्राय, सर."
हे ऐकलं की तो जाळीकडं तोंड करून
ग्लोव्हजच्या पट्ट्या उगाच सोडायचा, बांधायचा.
पहिलं मराठी त्यानं माझ्याशीच बोललं:
"सर नको."

उपउपांत्य सामना. इंगवल्यांच्या संग्रामचं कोपर निखळलं,
एकोणसत्तराव्या मिनिटाला मातेई उतरला.
दोन बॉल असे काढले की गॅलरी उभी राहिली.
मग एक साधा, सरपटी, लहान पोरानं उचलावा असा,
त्याच्या पोटाखालनं गेला.

क्षणभर गप्प.
मग भडंगवाला राजाराम, पाटी डोक्यावर तशीच:
"अय मात्या! हात हाईत का खराटं?"
आणि सगळी गॅलरी फुटली.
"भट्टी बसंना तुझी, बॉल तर बसीव!"
"खोली सोड, गोलातच झोपाय ये!"
पुढचं मी इथं लिहीत नाही,
त्यात त्याच्या आईची चौकशी होती.

तो माझ्याकडं वळला,
मी रेघेबाहेर डबा घेऊन उभा.
काय म्हणतायत, भुवयांनी विचारलं.
"मात्या म्हणतायत," एवढंच सांगितलं.
तो हसला. एक शून्यनं हरलो,
आणि हा हसत होता, गाढव.

फॉर्म परवा कपाटात दिसला.
रकाना अजून कोराच,
वर चहाच्या कपाचा एक गोल.

रविवारी थोरल्याचा फोन आला, ग्दान्स्कहून.
जहाजाच्या कारखान्यात वेल्डर आहे.
तिथल्या व्हॉलीबॉल क्लबात नाव घातलंय म्हणाला.
लोक कसे आहेत?
"लई चांगले, आण्णा. हसून बोलत्यात."
चुकलास तर वरडतंय का कोण?
"छे ओ. नो प्रॉब्लेम म्हणत्यात."

मी जरा वेळ काही बोललो नाही.
पलीकडं बॉल आपटल्याचा आवाज येत होता.
"थांब मग अजून थोडं," म्हणालो.