वाफ

नगरपालिकेचा माणूस आला,
हाल्श्कानं वहीतून मान वर केली नाही.
"तोंडाची वाफ दवडू नका," म्हणाली,
"वूचमधल्या निम्म्या रंगशाळा बुडाल्या,
आमचीही बुडेल, तुमच्या नियमांशिवायच."

"माझी राहू द्या," तो म्हणाला, "तुमची बघू."

तासभर पाइपांवरून हात फिरवत राहिला,
वैद्यानं नाडी बघावी तसा.
मागच्या दारी गटारातून निळं पाणी वाहत होतं,
ऊन ऊन,
आणि काठाला, बर्फातसुद्धा,
आळीतली चार मांजरं पसरली होती निवांत.
"यांचं बिल कोण भरतं?"

मग पालिकेचं कर्ज, सात वर्षांचं.
जुन्या पाण्याची ऊब नव्याला देणारं यंत्र
आलं : कपाटाएवढं, कुरूप.

मार्चमध्ये तिनं मीटरची काच दोनदा पुसून पाहिली.
एप्रिलमध्ये पडद्यांच्या कापडाची ऑर्डर,
जी हातभर कापडामागे चार ग्रोशांसाठी
परदेशी निघाली होती,
दारातूनच मागे वळली.
बोगुमिलला पुन्हा रात्रपाळी मिळाली;
तो कुरकुरला, आणि आला.

गटार आता गार.
मांजरं रुसून बसली दोन दिवस.
बॉयलरमागे कुणीतरी पोतं अंथरलंय.
तेवढी ऊब
हाल्श्का वहीत लिहीत नाही.