लकडगंजातलं टेबल

पहिलं टेबल वर्धा रोडवरून आणलं होतं.
काचेचं दार आपोआप उघडायचं तिथे,
आत एप्रिलमध्येही थंडी,
आणि टाय लावलेला एक मुलगा
‘फिनिश’ हा शब्द
पेढ्यासारखा हातावर ठेवायचा.
पाच वर्षांची वॉरंटी, हप्ता बिनव्याजी.

ते टिकलं एक उन्हाळा.
कूलरच्या टाकीतून पाणी झिरपलं
आणि पाय फुगले,
आजारी माणसाचे फुगतात तसे, घोट्यापासून वर.
आतून निघाला नुसता भुसा.
फोनवर एक बाई म्हणत राहिली,
तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे.
पंचवीस मिनिटं मी तिला मोलाची वाटले.
मग एक माणूस आला, फोटो काढले,
पाणी वॉरंटीत बसत नाही म्हणाला,
आणि माझ्याकडेच पाणी मागून प्याला.

दुसऱ्या वेळी शहाणी होऊन निघाले.
सक्करदऱ्यात टिचकी मारून पाहिली,
महालात खण ओढून पाहिले,
कामठी रोडवर तर वाकून
टेबलाखाली डोकंच घातलं.
मालक म्हणाला, काही पडलं का मॅडम?
वरून जे सागवान होतं
ते खालून कुठलंच झाड नव्हतं.

सगळीकडे एकच प्रश्न : किती जणांसाठी?
मी म्हणायची, एक.
मग ते चार खुर्च्यांचं दाखवायचे,
पाहुणे येतीलच ना, म्हणायचे.
एकाने तर सहाचं दाखवलं,
माझ्या वतीने आशा धरून.

शेवटी आमच्या कचेरीतल्या धोटेंनी
(जेवणापेक्षा पत्ते सांगणं ज्यांना जास्त आवडतं)
लकडगंजात धाडलं.
वेलजीभाई पोकारांचं दुकान म्हणजे
अर्धं दुकान, अर्धी आरामशीन.
बोलायचं तर करवत थांबेपर्यंत थांबायचं.
त्यांनी माणसं मोजली नाहीत.
विचारलं, ‘टेबलावर करता काय?’
जेवते, म्हटलं. शिवते. हिशेब लिहिते.
कधी कधी डोकं टेकून झोपते.
‘मंग उंची दोन बोटं कमी घेऊ.’
आणि थोड्या वेळाने : ‘दार किती रुंद?’

हे कुणीच विचारलं नव्हतं.
मानेवाड्यातला तिसरा मजला, वळणाचा जिना,
आणि ज्या दारातून एकोणीस वर्षं ये-जा करते
त्याचं माप मला ठाऊक नव्हतं.
संध्याकाळी किसना बुरडे टेप घेऊन आला.
जिना मोजला, दार मोजलं,
चहा नको म्हणाला, मग दोन कप प्याला.

उशीर झालाच. तीन आठवडे म्हणाले, सात लागले.
घासाघीस करून भाव
चारशेच्या वर उतरला नाही.
आणि एक पाय किंचित लंगडा निघाला.
किसना परत आला, फरशीवर आडवा झाला,
रंधा फिरवला.
दोन कुरळे छिलके पडले,
त्यांना वास
आलापल्लीकडच्या एखाद्या दुपारचा.
पैसे विचारले तर हसला,
‘लंगडं आमच्याकडूनच आलं ना बाई.’

जाता जाता वेलजीभाईंचा निरोप :
‘मे महिन्यात हे एकदा आवाज करन.
घाबरू नका. लाकूड हाये,
उन्हाले उत्तर देते.’

काल शेहेचाळीस होतं.
रात्री दोनला, कूलरच्या घरघरीतून,
स्वयंपाकघराकडून आलं :
टक्.
उठून गेले. अंधारातच हात ठेवला.
कोमट होतं.

सकाळी दुकानात फोन लावला.
दुसऱ्या घंटीला उचलला, मागे करवत.
तक्रार नाही, म्हटलं, फक्त सांगायचं होतं,
आवाज आला.
करवत थांबली.
‘एकच ना?’
‘एकच.’
‘मंग बराबर हाये.’