भाडेपावती

जुलैची एकोणतीस. नौपाड्यात, फरसाणाच्या दुकानावर
माझं ऑफिस; फायलींनाही आता शेवेचा वास.
मकरंद चौबळ खुर्चीत न टेकताच म्हणतात,
बघा, काय वाचतंय का.

वाचतं. पुष्कळ वाचतं.
वाचवणं हा शब्दच असा, की ऐकणाऱ्याला वाटावं
बुडत्याला कुणी हात दिला.
चुकवणं वेगळं. त्याला व्याज आहे, दंड आहे, प्रसंगी तुरुंग.
या दोन क्रियापदांच्या मधल्या बोळात
बावीस वर्षं मी दुकान मांडून बसले आहे,
आणि बोळ, खरं सांगते, ऐसपैस आहे.

चौबळांचं एक हिंदू अविभक्त कुटुंब आहे,
त्याचं पॅन कार्ड वेगळं.
बायको दोन वर्षं कोथरूडला, मुलगी तिच्यापाशी.
कुटुंब मात्र अविभक्तच; दरसाल
वेळेवर रिटर्न भरतं.

शिवाय घोडबंदरचा बाविसावा मजला आईच्या नावे.
मुलगा आईला भाडं देतो, पाच तारखेला.
सहा तारखेला आई ते मुलाला परत देते, भेट म्हणून.
आईने मुलाला दिलं, त्यावर कर नाही.
कायदा लिहिणाऱ्यालाही आई असणार.

नियमात बसतं ना? जाता जाता त्यांनी विचारलं.
बसतं, म्हटलं.
मीच बसवलं होतं.

सह्यांसाठी गेले. इंदुमतीबाई ऐंशी पार.
बारा पावत्या पुढे ठेवल्या, तर चष्मा पुसून
एकेक वाचायला लागल्या.
वाचून सही करणारं माणूस
माझ्या धंद्यात अडचणीचं.
"मी मकरंदकडून भाडं घेते?"
कागदावर, काकू.
"आणि कागदावरच परत देते."
हो.
हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत.

म्हणाल्या, मी नगरपालिकेत होते, घरपट्टीला.
चेंदणीची एक कोळीण यायची, एकोणऐंशीची गोष्ट.
कमरेच्या पिशवीतून नोटा काढायची, ओल्या.
मी त्या टेबलावर पंख्याखाली मांडायचे,
एकीवर शिक्का, एकीवर पंचिंग मशीन, एकीवर माझा डबा,
आणि वाळेपर्यंत ती समोर उभी.
साहेब रुमाल नाकाला लावून दुसऱ्या खोलीत.
सूट मागितली नाही कधी. एवढंच विचारायची,
आमच्या आळीत नळ कधी येणार?
"आला?"
"आला की. सहा वर्षांनी.
तोवर सहा पावत्या नेल्या तिने माझ्याकडून.
आम्ही त्यावर लिहायचो, चुकता. म्हणजे दिला.
आता चुकवला म्हणजे नाही दिला, असं ना?"
मी पेनाचं टोपण काढून दिलं.

"तिकीट कुठंय?"
लागत नाही काकू, पैसे बँकेतून जातात.
"पावती आहे ना?"
उठल्या. पेन्शनच्या पाकिटातून
रेव्हेन्यू स्टॅम्पची पट्टी काढली, कडा पिवळ्या पडलेली,
पाण्याच्या वाटीत बोट बुडवून बारा चिकटवली,
आणि तिकिटावरून कागदावर उतरणारी तिरपी सही
बारा वेळा, एकाही अक्षराला घाई नाही.
"बारा रुपये. हे तरी पोचले ना?"
कधीच पोचले, म्हटलं. तुम्ही विकत घेतली तेव्हाच.
"बरं झालं," म्हणाल्या, आणि वाटी मोरीत ओतून आल्या.

खाली रिक्षा मिळाली. मेट्रोच्या खांबांखालून
खड्डे चुकवत, म्हणजे न चुकवता, कापूरबावडीपर्यंत
चाळीस मिनिटं.
रिक्षावाला म्हणाला, मॅडम, एवढा टॅक्स घेतात, जातो कुठे?
मी फाईल मांडीवर घट्ट धरून बाहेर बघितलं.
दोनशे दहा झाले.

रात्री ते ऑफिसच्या खर्चात लिहिले. नियमात बसतं.
मग पावत्या फायलीला लावताना
एका तिकिटाचा कोपरा नखाने उचलून पाहिला,
उगाच, लागत नव्हतं म्हणून.
तिकिटाबरोबर कागदही सुटायला लागला,
अर्धी सही त्याच्यावर, अर्धी खाली.
अंगठ्याने दाबून पुन्हा बसवला.