साडेसात

इंजिन पंधरा घोड्यांचं,
पण आज कंदरच्या काठावर
घशात काटा अडकल्यासारखं खाकरतंय.
थ्रॉटल दिला की उचलतं, सोडला की लंगडतं,
मग एक उचकी, आणि गप.

काठावर सगळेच डॉक्टर.
बाजी नगरे म्हणाला, पेट्रोलात पाणी.
टाकी उपसली, बाटली उन्हात धरली,
तळाशी मोत्याएवढा थेंब निघाला. तोही काढला.
मेहुणा म्हणाला, कचरा.
कार्बोरेटर उघडून जेटमधून आभाळ बघितलं,
सुईच्या नेढ्याएवढं, पण स्वच्छ.
प्लग नवे घातले. ऑइल पुन्हा मापलं.
होडीत चिलापीचे दोन क्रेट,
बर्फ आपला वितळतोय,
त्याला निदानाशी काय करायचंय.

ऊन कललं तेव्हा टेंभुर्णीहून दस्तगीर मुलाणी आला,
उभी हयात विहिरींवरच्या पंपांत गेलेला.
कुणाला काही विचारलं नाही.
इंजिन काढून पाण्याच्या निळ्या पिंपाला अडकवलं,
दोरी ओढली, कान दिला.
वरच्या प्लगची वायर उपटली. इंजिन मेलं.
लावून पुन्हा चालू केलं, खालची उपटली.
काही फरक नाही. खाकरतच राहिलं,
पंगतीतून एखादा उठून जावा
आणि कुणाला कळूच नये, तसं.
“काकी, पंधरातले साडेसात घोडे बसलेत.”
“साडेसातीच म्हण की,” मी म्हटलं.
तो हसला नाही.
“आता अंधार पडू दे,” म्हणाला,
आणि चपला उशाला घेऊन आडवा झाला.

मला राग आला.
उजेडात दिसेना ते अंधारात काय दिसणार?

पाणकावळे गेले. पलीकडं इंदापूरच्या अंगाला दिवे लागले,
आमच्याकडं लाइट नव्हतीच.
त्यानं दोरी ओढली.
आणि तिथं, वायरच्या वळणाखाली,
केसाएवढ्या चिरेतून
एक निळी मुंगी चालत होती
लोखंडाकडं, लोखंडाकडं, लोखंडाकडं.

दिवाळीत मीच ती वायर
बारीक तारेनं आवळून बांधली होती,
हलू नये म्हणून.

सायकलच्या ट्यूबची पट्टी, वर काळी टेप.
चौथ्या ओढीला पंधराच्या पंधरा उठले,
पिंपातलं पाणी उसळून माझ्या लुगड्यावर.
दस्तगीरनं पैसे मोजून घेतले.
मासे देऊ केले, तर क्रेटमध्ये हात घालून
नको म्हणाला,
“बर्फ संपलाय, काकी.”