आज कितव्या मजल्यावर

बॅलार्ड पिअरच्या एका इमारतीत
एकतीस वर्षं मी स्टुलावर बसलोय.
पाठ नसलेलं स्टूल. उजवा हात पितळी दांड्यावर,
भार सगळा डाव्या कुल्ल्यावर,
कारण जाळीचं दार त्या बाजूनं ओढावं लागतं.
माणसं येतात, आकडा बोलतात, मी नेतो.

मागच्या दिवाळीत दुखणं आत शिरलं.
आकडा न बोलता थेट तळमजला गाठला त्यानं,
डाव्या पायाची करंगळी.
जाताना मांडीत, पोटरीत
सगळीकडचे दिवे लावत गेलं.
चप्पल पायातून गळून पडली तरी कळेना.
दादरचे वैद्य म्हणाले, गृध्रसी. गिधाडाची चाल.
यमुना म्हणाली, गिधाड निदान उडतं तरी.

परळच्या इस्पितळात, फिजिओथेरपीच्या लांबट खोलीत
रेश्मा तांडेल, माझ्या धाकटीच्या वयाची,
माझा ताठ पाय टाचेला धरून उचलत गेली
आणि मी ओरडलो तिथे थांबली.
कागदावर लिहिलं, पस्तीस.
"नस तुटलेली नाही, घागकाका. अडकलीय.
आमच्याकडे वरळीला कप्पीत दोर अडकला
तर कुणी कोयता काढत नाही.
पुढे, मागे. पुढे, मागे. हळू."

पालथं पडायचं. कोपरांवर यायचं, मग तळव्यांवर,
कंबर खालीच सोडून. दहा वेळा. दर दोन तासांनी.
लिफ्टमध्ये कसं?
लिफ्टमध्ये उभ्यानं. कमरेवर हात, मागे वाका.

शिवडीच्या खोलीत मी पालथा पडलो
की मोरीकडे जायला यमुनाला मला ओलांडावं लागतं.
ओलांडता ओलांडता ती आकडे मोजते.
सातनंतर मुद्दाम पुन्हा सात म्हणते.

मग खुर्चीतला प्रकार:
पाय पुढे ताठ होताना मान मागे,
पाय खाली येताना हनुवटी छातीला.
एका टोकाला ओढ, दुसऱ्या टोकाला सैल.
हे मला आधीपासून येत होतं.
लिफ्ट वर जाते तेव्हा भिंतीमागून
लोखंडी वजन खाली उतरतं,
कुणाला दिसत नाही एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात भांडायलाच गेलो.
"कंबर पेटलीय तुमच्या व्यायामानं."
"आणि पाय?"
"पाय ठीक आहे."
"करंगळी?"
मी खाली बघितलं. चप्पलचा अंगठा लागत होता.
पोरगी चक्क खूश झाली.
"वर सरकतंय, काका. दुखणं पायातून कमरेकडे निघालं
की समजायचं, रस्ता बरोबर आहे."

तेव्हापासून ती दारातच विचारायची,
आज कितव्या मजल्यावर?
पोटरी, पहिला.
गुडघ्यामागे, मधेच लटकलंय.
मांडी, दुसरा.
एका सोमवारी सॉलिसिटरांच्या फायलींचा गठ्ठा
वाकून उचलला आणि धाडकन तळमजला.
ती रागावली नाही.
"पालथे पडा," म्हणाली, आणि पहिल्यापासून मोजू लागली.

आता कागदावर सत्तर आहे.
दुखणं मणक्याशेजारी, रुपयाएवढं.
स्टूल कोपऱ्यात. निम्मा दिवस मी उभा असतो.

काल दारूवालाबाईंनी पकडलं मला
रिकाम्या लिफ्टमध्ये, कमरेवर हात, तोंड छताकडे.
"घाग, काय बघते वरती?"
"मशीन रूम, बाई."
"कोण हाय तिथे?"
"आहे एक जुना पॅसेंजर.
सध्या बेल मारत नाही."