रिजेक्शन

शिरोलीच्या शेडमधून आबांची फौंड्री गेली
त्याला तीन वर्षं झाली,
तरी भिंतीवरची काजळी
चुना मारला की महिन्याभरात पुन्हा वर येते.
तिच्यासमोर आता एकेचाळीस पांढरे पाईप
छतापासून जमिनीपर्यंत उभे,
आणि भोकाभोकांतून स्ट्रॉबेरीची पानं
डोकं बाहेर काढून बघतात,
एस्टीच्या खिडकीतून बघावं तशी.

माती नाही.
दस्तगीरचाचांना हे अजून पटलेलं नाही.
बत्तीस वर्षं त्यांनी मातीच दाबली,
काळी, ओलसर, साच्याची.
मूठ उघडली की ती मोडते कशी
एवढ्यावरून सांगायचे
आज पंपाची बॉडी नीट उतरणार का नाही.
आता मुठीत नारळाचा भुसा घेतात,
दाबतात, हुंगतात,
"ह्याला धरच न्हाई, ताईसाब,"
आणि होता तिथं ठेवून देतात.

रोपं महाबळेश्वरहून आली.
तिथली थंडी कुणी पेटीत भरून देत नाही,
ती इथं युनिटच्या दरानं विकत घ्यायची:
चिलर, पंखे, भिंतीएवढा ओला पॅड,
आणि मुळांवरून उतरणारं पाणी,
ज्याचा काटा विसाच्या आसपास राहावा.
बाहेर हायवेवर एकोणचाळीस.

एप्रिलात एका गुरुवारी
दुपारी सव्वादोनला लाईट गेली.
इन्व्हर्टरनं पंप ओढला,
चिलर त्याच्या आवाक्यातला नव्हता.
टाकीवर वाकून मी आकडे वाचत राहिले.
बावीस.
साडेतेवीस.
पंचवीस.
सत्ताविसाच्या पुढं मुळं तपकिरी पडतात,
असं प्रशिक्षणाच्या वहीत
मीच लाल पेनानं लिहिलेलं.
चाचा कुठं दिसेनात.
आले ते बर्फ कारखान्याच्या छोट्या टेम्पोत मागं बसून,
गोणपाटात अर्धी लादी, पाठ सगळी भिजलेली.
मला ती थेट पाण्यात टाकू देईनात.
"खताचं माप बिघडंल की."
हे त्यांनी कधी ऐकलं होतं, कुणास ठाऊक.
लादी फोडली, डब्यांत भरली.
फौंड्रीतल्या पोरांचे मागं राहिलेले
जेवणाचे सतरा डबे,
कुणाच्या झाकणावर नाव, कुणाच्या नुसता ओरखडा,
टाकीत तरंगत राहिले.

"आदी पळायचो लोखंड थंड पडू ने म्हणून,"
चाचा एवढंच बोलले
आणि बनियन पिळायला बाहेर गेले.

साडेपाचला लाईट आली.
तीन पाईप गेले.

मधमाश्या इथं येत नाहीत.
जाळी, पंखे, शेजारच्या युनिटातला ग्राइंडर,
कोण येणार?
म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला
चाचा ब्रश घेऊन पाईप-पाईप फिरतात.
ब्रश नवा, महाद्वार रोडवरचा, चित्रकलेचा.
मनगट जुनं.
कोअरला ग्राफाईट लावताना फिरायचं तसंच
फुलाच्या पिवळ्या टिकलीभोवती
एकदा, हलकं, गोल.
फुलांशी बोलत वगैरे नाहीत.
मोजतात.

परवा तोडणीला बसलो.
न सांगता त्यांनी दोन ढीग घातले.
एक फळ उचलून उजेडाकडं धरलं:
एका अंगानं टपोरं,
दुसऱ्या अंगानं आवळलेलं, बिया दाटून आलेल्या.
"हितं माल भरला न्हाई.
ब्रश चुकला माझा."
राजारामपुरीतला केकवाला असलं घेत नाही.
मी एक खाल्लं.
आंबट, मग जरा उशिरा गोड,
आणि शेवटी किंचित लोखंडासारखं,
तो माझ्या जिभेचा जुना खोडसाळपणा असेल.

कपोला अजून मागं उभाच आहे,
भंगारवाल्याशी भाव जमला नाही म्हणून.
त्याच्या गार तोंडापाशी
चाचांनी रिजेक्शनची चार फळं मांडली,
गेजनं तपासायला मांडावीत तशी, रांगेत.
"मुंग्या लागतील," मी म्हटलं.
"लागू द्यात की.
कोण तरी आपल्या पायानं आलं म्हंजे झालं."